इअरफोनची तिसरी तार

शेगाव,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप शकुंतलावन्संना,

जयमालेचा वाकून नमस्कार. (हल्ली मला फक्त कागदावरच वाकता येतं, पण नमस्कार पूर्ण आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? रामरावांची साखर खाली आली, की त्यांनी नुसतं तपासणं बंद केलं? सोयाबीन घरात आलं असेल, तुरीला फूल धरलं असेल, आणि तुम्ही अमडापूरच्या बाजारात पुन्हा एकट्या जाऊन भाजीवाल्यांना धाकात ठेवत असाल, असं धरून चालते. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तुमचे बंधू क्षेम आहेत. सकाळी पेपर, दुपारी झोप आणि मधल्या वेळेत मला सल्ला, असा त्यांचा दिनक्रम अबाधित आहे. मला मात्र दसऱ्यापासून धक्क्यावर धक्के बसत आहेत, आणि ते एखाद्या जवळच्या माणसाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. वन्सं, खामगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सबंध नोकरी केली. उजव्या कानाला हेडफोन लावून ट्रंककॉल जोडता जोडता एक शहाणपण आलं, की महत्त्वाचं बोलणं तारेवर बोलू नये, कारण मध्ये कुणीतरी बसून ऐकत असतं. (मीच बसलेली असे.) शिवाय विषय अवघड झाला की तुमच्या फोनची रेंज जाते, हे माझ्या केव्हाच लक्षात आलेलं आहे. पत्राची रेंज जात नाही.

तर पहिला धक्का आमच्या चिरंजीवांनी दिला. नवरात्रात दत्तमंदिरात आमच्या भजनी मंडळाचा दुपारचा कार्यक्रम झाला, त्याला तुम्ही आला होतात. चिन्मयही नेमका पुण्याहून आला होता आणि त्यानं तो सगळा कार्यक्रम रेकॉर्ड केला. तुम्हाला आठवत असेल, पुढच्या ओळीसमोर स्टुलावर एक काळं यंत्र होतं, ज्याच्यावर तुम्ही तुमची पिशवी ठेवायला निघाला होतात. त्या यंत्राला म्हणे दोन कान असतात, एक डावीकडचं ऐकतो आणि दुसरा उजवीकडचं. (माणसांचं तसं नसतं. माणसं एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात.) जाताना त्यानं ते रेकॉर्डिंग, नवे इअरफोन आणि आपली एक जुनी ॲम्प्लिफायरची, म्हणजे मोबाइल आणि इअरफोनच्या मध्ये लावून आवाज वाढवायची, डबी मला दिली, आणि म्हणाला, आई, दुपारी निवांत ऐकत जा.

मी निवांत बसले, इअरफोन कानात घातले, आणि माझा आवाज लागायच्या आधीच आतून सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. वन्सं, लांब कुठेतरी कुणीतरी अखंड भजी तळत असावं, तसा. भजन थांबलं की भजी, दोन ओळींच्या मध्ये भजी. मी चिन्मयला फोनवर सांगितलं की तुझी डबी खरखर करते. तो म्हणाला, "माझ्याकडे कधीच करत नव्हती." (तो जे ऐकतो त्यात बुलडोझर चालला तरी कळायचं नाही.) मग फार प्रेमानं म्हणाला, "आई, तो आवाज डबीत नसेल गं. तुझ्या कानात असेल. वयानं होतं असं."

मी तडक फोन ठेवला, पण तो स्पीकरवर होता. वर तुमचे बंधू पेपरामागून म्हणाले, "खरं आहे त्याचं. मी तीनदा चहा मागतो तेव्हा तिला ऐकू येतं." वन्सं, तुमच्या बंधूंचं दोनदा ऐकू न येणं हा माझ्या कानाचा दोष नाही. ते माझं लग्नापासूनचं धोरण आहे.

पुढे जे झालं त्याला मी अजूनही धक्काच म्हणते. चिन्मयनं मला न विचारता पुण्यात बसून अकोल्याच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या नावानं वेळ घेतली. ते सांगायला मला फोन केला, माझा फोन लागेना, म्हणून त्यानं तो निरोप कुणाकडे द्यावा? आमच्या मंडळाच्या अध्यक्ष रुखमाबाईंकडे. त्या मूळच्या वरवट बकालच्या, मनानं फार चांगल्या, पण त्यांच्या पोटात निरोप ठेवणं म्हणजे चाळणीत दूध ठेवणं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं होतं की जयमालाबाईंच्या कानाला मशीन बसणार. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः घरी आल्या, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि शेताच्या धुऱ्यावरून हाक मारावी तशा ओरडल्या, "जयमालाबाई, तुमी आता आराम करा वो. दत्तजयंतीले रुपालीले बसवू पुढं. तुमाले ऐकूच नाही येत, त सूर कसा लागन?" मी म्हटलं, "मला सगळं ऐकू येतं." तर त्या म्हणाल्या, "काय?"

आता तुम्हीच सांगा. दत्तजयंतीला पुढे बसून पहिलं भजन मी म्हणायचं, हे मंडळ स्थापन झाल्यापासून चालत आलेलं आहे. रुपाली गुणी पोरगी आहे, गळा गोड आहे, मोबाइलवर तंबोरा लावून रियाज करते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गळा गेला म्हणून मी उठेन, वय झालं म्हणून उठेन, एका डबीच्या खरखरीवरून मला उठवलेलं मी खपवून घेणार नाही. मी अकोल्याला फोन करून माझ्या नावाची वेळ रद्द केली आणि दोष नक्की कुठे आहे ते शोधायला बसले.

आमच्या एक्स्चेंजचे लाइनमन लोक दोष शोधायचे त्याचा एक साधा नियम होता. टोकं बदलून बघायची. दोष तारेबरोबर सरकला तर तो तारेत. तिथंच बसून राहिला तर जिथं बसला आहे तिथं. मी इअरफोन डबीतून काढून मोबाइलला लावले, खरखर नाही. पुन्हा डबीला लावले, भजी तळायला सुरुवात. म्हणजे दोष डबीत. कोणत्याही न्यायालयात टिकेल असा पुरावा. तुमच्या बंधूंना तो दाखवला, तर ते म्हणाले, "मग मोबाइललाच लाव ना." (चाळीस वर्षं मी अशा माणसाबरोबर काढली आहेत.) मोबाइललाच लावले असते तर मंडळात सगळ्यांनी म्हटलं असतं की बाईंना डबी सोसवेना म्हणून सोडली. मला डबी गप्प करायची होती.

मग मी इंटरनेटवर शोधलं. कुणा परदेशी गृहस्थानं सविस्तर लिहून ठेवलं होतं, इंग्रजी गबाळं होतं पण आशय बरा होता. (शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर ॲग्नेसनी त्या मजकुरावर लाल शाईची बाटली रिकामी केली असती.) त्याचं म्हणणं असं, की डबी असते मोठ्या, दणकट हेडफोनसाठी, आणि हे कानात घालायचे इअरफोन असतात फार नाजूक. म्हणजे तान्ह्या बाळाला पखालीनं पाणी पाजण्यासारखं. डबीची स्वतःची बारीक कुरकुर मोठ्या हेडफोनला जाणवतही नाही, ती या नाजूक कानांना मात्र ऐकू येते. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक छोटी जोड-वायर करायची, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट, आणि आत डाव्या-उजव्या तारेत एकेक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा. त्यानं गाणं थोडं खाली येतं, ते वाढवून घ्यायचं, आणि खरखर पार जाते.

स्टेशनाकडच्या रस्त्यावर शालिग्रामचं मोबाइलचं दुकान आहे, तिथं गेले. तो म्हणाला, "मॅडम, वायरचा जमाना गेला. ब्लूटूथ घेऊन जा." मी म्हटलं, मला रेझिस्टर हवेत. त्यानं एक डबा माझ्यासमोर उपडा केला आणि म्हणाला, "यातले निवडा. मले तर चष्म्यानंबी दिसत नाही त्याचे रंग." कारण त्या दाण्यांवर किंमत आकड्यांत लिहिलेली नसते, रंगीत पट्ट्यांत असते. मला जांभळी, हिरवी, काळी आणि शेवटी सोनेरी पट्टी अशी जोडी हवी होती. वन्सं, साडी निवडणाऱ्या बाईला हे काम अवघड नाही. जांभळं अंग, हिरवी-काळी पट्टी, सोनेरी काठ. मी दोन सारखे दाणे निवडून काढले तेव्हा दुकानातल्या दोन बायका आपणहून बघायला आल्या होत्या. तारांना डाग द्यायची सोल्डरिंग गन मात्र त्यानं विकली नाही, उसनी दिली, आणि सांगितलं की हात भाजला तर मी तुम्हाला ओळखत नाही.

डायनिंग टेबलावर कारखाना मांडला. तुमचे बंधू पापडाच्या चिमट्यात पिन धरून बसले होते आणि चिमटा हलवून हलवून मला राजकारण सांगत होते. आतल्या तारा केसांसारख्या बारीक, त्यांच्यावर रंगीत लाखेचा थर, त्यामुळे डाग लागेचना. शेवटी देवघरातलं निरांजन आणून तो थर जाळला. सोल्डर वितळलं की त्यातल्या राळेचा धूर होतो, त्याला थेट देवळातला वास येतो. तो आल्याबरोबर यांनी चिमटा सोडून हात जोडले, तापलेली पिन टेबलक्लॉथवर पडली आणि तुम्ही मला दिलेल्या भरतकामाच्या टेबलक्लॉथला मोराच्या पोटात भोक पडलं. (मोर तसाही फार खाल्ल्यासारखा दिसत होता. राग मानू नये.)

आणि इथं माझी चूक झाली, ती लपवत नाही. त्या गृहस्थानं लिहिलं होतं की तारा तीन असतात, डावी, उजवी आणि एक दोघींची सामाईक, परतीची. ही तिसरी विसरू नका, असं त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते मी वाचलं, मला समजलं, आणि मला पटलं नाही. वन्सं, टेलिफोन दोन तारांवर चालतो. अख्खं खामगाव मी मुंबई-कलकत्त्याशी दोन तारांवर बोलतं केलं. लग्नं दोन तारांवर जुळली, मयताचे निरोप दोन तारांवर गेले, आणि या डबीला तिसरी लागते? मी ती कापून टाकली.

जोड-वायर लावली. खरखर गेली होती. भजी तळणारा दुकान बंद करून घरी गेला होता. मी विजयानं यांच्याकडे पाहिलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पेटी आली, झांजा आल्या, मंदिरातला पंखा कुरकुरला, आणि मी आलेच नाही. मी गात नव्हते. विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी असं काहीतरी पुसट येत होतं, तेवढंच. माझ्याच भजनाला मी गैरहजर. पेटीवाल्या तानुबाई कुणासाठी वाजवत होत्या कुणास ठाऊक.

त्या क्षणी मला वाटलं, चिन्मय खरं बोलतो, माझे कान गेले, आणि इतके गेले की सगळं ऐकू येतं, फक्त मी सोडून. मी इअरफोन काढले, पाणी प्याले, पुन्हा घातले. आणि मग ती पोकळी इतकी स्वच्छ होती म्हणून असेल, तिच्या कडेला मला दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. कार्यक्रमात कधीच ऐकू आलं नसतं, पण आता त्यांच्यावर गाणारं कुणी नव्हतं. एक रुखमाबाई. "शिऱ्यात साखर कमी पडली वो," त्या म्हणत होत्या. दुसरी म्हणाली, "जयमालेनं केलाय. तिची जीभच तशी, हाताला गोडवा कुठून येणार?" आणि दोघी हसल्या. त्यानंतर त्या गाणारीबद्दल बरंच बोलल्या. ते इथं लिहीत नाही.

सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेली, वन्सं, पण माझं नाव त्यात कधी निघालं नव्हतं. यांनी तीनदा चहा मागितला, तिन्ही वेळा मला ऐकू आलं नाही, आणि या खेपेला धोरण म्हणून नव्हे.

मग ती तिसरी तार पुन्हा जोडली. आता कारणही डोक्यात उतरलं होतं. परतीची वाट कापली की डावीकडून गेलेलं उजवीकडून परत येतं, आणि दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. कडेचं तेवढं उरतं. मी मधोमध बसले होते, दोन्हीकडे सारखी, म्हणून माझाच बळी गेला. तार जोडल्यावर मी परत आले, खणखणीत, आणि खरखरीचा मागमूस नाही. यांच्या कानात घातले तर ऐकून म्हणाले, "चांगलं गाते की. कोण आहे?" चिन्मयला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू घरात सोल्डरिंग केलंस? बाबा कुठे होते?" मी म्हटलं, चिमट्याच्या दुसऱ्या टोकाला. मग डबीत खरखर असेल बहुतेक, असं त्यानं कबूल केलं.

तेव्हा निष्कर्ष असा, की दोष डबीत होता, माझे कान शाबूत आहेत, आणि दत्तजयंतीला मधोमध मीच बसणार आहे. हे अमडापुरात ज्यांना ज्यांना सांगायचं त्यांना सांगावं. रामरावांना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, मोराबद्दल क्षमस्व.

तुमची भावजय,
जयमाला

ता. क. : शिऱ्यावर बोलणारी ती दुसरी बाई तुम्ही होतात. आवाज ओळखण्याचाच मी पगार घेत होते. यंत्राच्या डाव्या कानाशी तुम्ही बसला होतात, आणि वायर नीट झाल्यावर खरखर नसल्यामुळे पुढचंही सगळं स्पष्ट ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "तिसऱ्या कडव्यात पेटी एकीकडं गेली आणि ही एकीकडं. हिला आता ऐकू येत नाही." रुखमाबाई म्हणाल्या, "मंग सांगा ना तिले. तुमची भावजय होय." तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी नाही बाई. तिच्या जिभेपुढं कोण उभं राहणार? रुपालीला पुढं बसवा, आपोआप कळेल तिला." म्हणजे चिन्मयच्या फोनच्या आधीच माझी जागा गेलेली होती, आणि ती माझ्या घरच्याच माणसानं दिली होती. ज्या कानांनी तुमची कुजबूज भजनाखालून उपसून काढली, ते कान गेले, असं ती कुजबूज सांगत होती. असा धक्का मला आयुष्यात बसला नव्हता.

ता. क. २ : तानुबाईंना बोलावून पेटीवर ते कडवं ताडून पाहिलं. तुमचं म्हणणं साफ चूक आहे. तिसरं कडवं मी बरोबर गायले आहे. सुटलं ते चौथं.

ता. क. ३ : एक बारीक काम होतं. वायर नीट झाल्यावरही उजवीकडचा आवाज मला मंद वाटत होता. उजवीकडचा डाग काढून पुन्हा लावला, तरी तेच. मग लाइनमनचा नियम आठवला आणि डावा इअरफोन उजव्या कानात, उजवा डाव्यात घालून पाहिला. दोष तारेत असता तर तारेबरोबर सरकला असता. सरकला नाही. सगळी नोकरी हेडफोन त्याच उजव्या कानावर होता. तोही माझ्याबरोबरच निवृत्त झालेला दिसतो, मला कळवलं नाही इतकंच.

रद्द केलेली अकोल्याची वेळ मी परत घेतली आहे, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची, सकाळची. नाव तुमचं घातलं आहे, कान माझे तपासायचे आहेत. मंडळात सांगितलं आहे की वन्संना हल्ली कमी ऐकू येतं, त्यांना डॉक्टरांकडे नेते आहे. रुखमाबाईंना ते लगेच पटलं. म्हणाल्या, "तरीच वो. त्या दिवशी देवळात केवढ्या मोठ्यानं बोलून राह्यल्या होत्या." तेव्हा मंगळवारीच या. शिरा करीन, साखर तुम्ही तुमच्या हातानं घाला. डॉक्टरांपुढे माझ्याबरोबर आत या, आणि ते काय सांगतात ते नीट ऐकून मला पुन्हा सांगा, या खेपेला तोंडावर. चौथ्या कडव्याचंही काय ते सांगून टाका, दत्तजयंतीला अजून अवकाश आहे.

मात्र माझ्या डाव्या बाजूला बसा.